पस्तिसाव्या पानावर अडलेली गाडी

मागच्या अंकात जुन्या जनरल रजिस्टरांबद्दल दोन ओळींची सूचना छापली होती. ती वाचून काही पालक कार्यालयात आले आणि त्यांनी विचारले, की अकरापैकी आठच वह्या संगणकावर कशा? उरलेल्या तिघींचे काय झाले? विश्वस्तांना सगळे ठाऊक आहे, पण मुलांना आणि नव्या पालकांना नाही. त्या वेळी आमच्याबरोबर राबलेली मुले तर केव्हाच शाळा सोडून गेली. म्हणून ही हकिकत एकदा नीट लिहून ठेवावी असे संगणक कक्षात ठरले. चूक आमची होती, तेव्हा लिहायचेही आम्हीच.

आम्ही म्हणजे संगणकाच्या बाई, कार्यालयातले भाऊ आणि २०१९ साली आठवी-नववीत असलेली चार मुले.

जनरल रजिस्टर म्हणजे काय, हे मुलांना माहीत नसेल. शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची त्यात एक ओळ असते. अनुक्रमांक, नाव, वडिलांचे नाव, जन्मस्थळ, जन्मतारीख आकड्यांत आणि अक्षरांत, आधीची शाळा, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख, आणि शेवटी शेरा. शाळा सोडल्याचा दाखला याच ओळीवरून लिहिला जातो. ज्यांचा जन्म कुठे नोंदला गेला नाही, अशा आपल्या कितीतरी आजी-आजोबांच्या जन्मतारखेचा लेखी पुरावा म्हणजे ही एक ओळ. जन्मस्थळाच्या रकान्यात आपले सगळे गावच दिसते. सुरुवातीला ‘बडोदे राज्य’ असे लिहिलेले आहे. १ मे १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले, तिथून पुढे ‘मुंबई राज्य’, आणि १ मे १९६० नंतर ‘गुजरात राज्य’. मुले त्याच गल्लीतली, घरे तीच. राज्य तेवढे बदललेले. कुठे पालकांची सही मोडीत आहे. जन्मतारखेत दुरुस्ती झाली असेल तर ती लाल शाईने, बाजूला हेडमास्तरांची आद्याक्षरे.

या वह्या तळमजल्यावरच्या दप्तरखान्यात लाकडी कपाटात होत्या. कागद इतका कोरडा झाला होता, की पान उलटताना कोपरा हातात येई. २०१९ च्या एप्रिलमध्ये विश्वस्त मंडळाने ठराव केला, की उन्हाळ्याच्या सुट्टीत सर्व अकरा वह्या स्कॅन करून घ्याव्यात. आणि प्रत्येक वहीची एकच फाइल करावी, सुटी पाने ठेवू नयेत. सुट्या पानांतले एखादे हरवते, एखादे मागेपुढे होते, आणि उद्या कुणी दाव्यात विचारले तर ‘वहीत होते तसेच आहे’ असे सांगता येत नाही. ठरावातले हे वाक्य योग्यच होते. आमची सगळी अडचणही त्याच वाक्यातून निघाली.

मोठा स्कॅनर आपल्याकडे नव्हता. एका माजी विद्यार्थ्याचे छपाईचे दुकान आहे, त्यांनी आपला ए-३ आकाराचा स्कॅनर सुट्टीपुरता उसना दिला. जूनच्या मध्यानंतर त्यांना तो परत हवा होता, कारण त्यांच्या कामाचा मोसम तेव्हा सुरू होतो. ६ मे ला आम्ही कामाला लागलो. सकाळी साडेसात ते साडेदहा; त्यानंतर त्या खोलीत उन्हामुळे बसवत नसे. वही उघडी करून काचेवर ठेवायची, वरून मऊ कापड, मग हलकेच झाकण. डावे-उजवे पान मिळून एक चित्र. एका चित्राला पाच-सहा मिनिटे जात, म्हणजे तीन तासांत तीसेक चित्रे. एका वहीत साधारण ६६ चित्रे, तेव्हा एका वहीला सव्वादोन-अडीच दिवस. अकरा वह्यांचा हिशेब जूनच्या पहिल्या आठवड्यात बसत होता. अगदी आरामात.

पहिल्या दोन वह्या स्कॅन झाल्या. मग त्यांची एकेक फाइल करायला घेतली आणि गाडी अडली.

पाने जोडायचा आमच्याकडचा प्रोग्राम जुना होता. तो करणारी कंपनी बंद पडलेली. पण मुलांना तो येत होता, आणि नवा विकत घ्यायला पैसे नव्हते. एकेक चित्र घालत जायचे, पाने क्रमाने लावायची, शेवटी ‘सेव्ह’. ३४ वे चित्र घातले, ३५ वे घातले, आणि पडद्यावर चौकट आली : पुरेशी मेमरी नाही. चौकट मिटवली की प्रोग्रामही मिटायचा, आणि आधीची सगळी लावालाव जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. कधी ३४, कधी ३५.

संगणकात ४ जीबी रॅम होती. चौकटीत मेमरी कमी आहे असे लिहिले होते. आम्ही त्यावरून जो निष्कर्ष काढला, तो कुणीही काढला असता. पण आम्ही संगणकाच्या खोलीतली माणसे, आम्हाला तो तपासून पाहायला हवा होता. तो न तपासता आम्ही थेट अर्ज लिहिला, की रॅम दुप्पट करून मिळावी. आणि याहून वाईट गोष्ट ही, की जोडणी जमेपर्यंत स्कॅनिंगही थांबवले. ‘उगीच चित्रांचा ढीग कशाला वाढवा, आधी दोन वह्या पूर्ण होऊ देत,’ असे आमचे मत पडले. स्कॅनर कापडाखाली झाकून ठेवला.

मंडळाची सभा व्हायला आठवडा गेला. साडेचार हजार रुपये मंजूर झाले. विश्वस्तांपैकी एक काका जुने व्यापारी आहेत, त्यांनी एवढेच विचारले, ‘‘बाई, याने नक्की होईल ना?’’ बाई म्हणाल्या, ‘‘हो काका, नक्की.’’ ते ‘नक्की’ पुढे फार दिवस त्यांच्या कानात राहिले.

रॅम आली, बसवली. संगणक सुरू झाला तेव्हा ८ जीबी दाखवत होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पाने लावायला घेतली. ३५ व्या पानावर तीच चौकट.

त्यानंतरच्या पंधरा दिवसांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. प्रोग्राम काढून पुन्हा टाकला. रॅमच्या पट्ट्या काढून, रबराने पुसून, जागा बदलून बसवल्या. व्हायरस तपासला. वहीचे तीन तुकडे करून तीन फायली केल्या. त्या झाल्या, पण तीन फायलींची एक करायला गेलो की प्रोग्राम तिन्ही पूर्ण उघडून बसे आणि पुन्हा ३५ व्या पानावर आडवा होई. चित्रांची बारकाई निम्मी करून पाहिली. तेव्हा मात्र पूर्ण वही बसली! पण पडद्यावर पाहिले तर पेन्सिलीचे शेरे पुसट आणि मोडी सह्यांच्या नुसत्या रेघोट्या. काळ्या-पांढऱ्यात केले तर आकार अगदी लहान होई, पण लाल शाई काळी दिसू लागे. म्हणजे मूळ तारीख कोणती आणि दुरुस्ती कोणती हेच कळेना. ज्यासाठी हा सगळा खटाटोप तेच हरवणार, म्हणून तो मार्ग सोडला.

३ जूनला, नववीत जाणारी आमच्यातली एक मुलगी कंटाळून पडद्याकडे पाहत बसली होती. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबले की कुठला प्रोग्राम किती मेमरी घेतो त्याचा तक्ता उघडतो. तो तिने उघडून ठेवला होता. एकेक पान घातले की आकडा वाढत होता. चौकट आली तेव्हा ती म्हणाली, ‘‘बाई, हा आकडा रोज इथेच अडतो. अठरा लाखांच्या पुढे जातच नाही. रॅम घालायच्या आधीपण इथेच अडायचा.’’

‘‘तुला कसं माहीत?’’

‘‘मी वहीत लिहिलंय ना, बाई.’’

खरेच लिहिले होते. गणिताच्या वहीच्या मागच्या पानावर तारीखवार आकडे, सगळे अठरा लाख आणि काही हजार केबी, म्हणजे १.८ जीबीच्या आसपास. खाली ‘रॅम घातली’ अशी रेघ, आणि रेघेखालीही तेच आकडे. त्याच वेळी संगणकाची अर्ध्याहून जास्त रॅम रिकामी होती. तिने आणखी एक गोष्ट दाखवली : तक्त्यात आमच्या प्रोग्रामच्या नावापुढे ‘*३२’ अशी खूण होती, बाकीच्या बऱ्याच नावांपुढे ती नव्हती.

तेव्हा कुठे आमच्या डोक्यात प्रकाश पडला. पुण्याला नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याला रात्री फोन लावला. तो हसला आणि म्हणाला, ‘‘बाई, तुम्ही खोल्या बांधल्यात. नंबर कुठे आहेत?’’

हे नंबरांचे प्रकरण मुलांसाठी जरा सविस्तर सांगतो.

समजा, हजेरीपटावर रोल नंबर लिहायला दोनच घरे आहेत. मग ०० पासून ९९ पर्यंत शंभर मुले मावतील. शाळेने मागे आणखी चार खोल्या बांधल्या तरी एकशे एकावे मूल पटावर येणार नाही, कारण त्याचा नंबर लिहायला घरच नाही. संगणकाच्या मेमरीतही प्रत्येक जागेला नंबर असतो. आमचा प्रोग्राम ३२ बिटांचा होता, म्हणजे त्याच्याकडे नंबर लिहायला ३२ घरे, आणि प्रत्येक घरात फक्त ० किंवा १. एका घरात दोन नंबर, दोन घरांत चार, तीन घरांत आठ. असे दुप्पट करत ३२ घरांपर्यंत गेलात तर ४,२९,४९,६७,२९६ नंबर होतात. सुट्टीत करून पाहा, कागद पुरतो. यालाच ४ जीबी म्हणतात.

मग आमचा प्रोग्राम चारवर न अडता दोनच्या अलीकडे का अडला? कारण विंडोजने हे नंबर निम्मे वाटून घेतले आहेत. पहिले घर ० असलेले खालचे २ जीबी प्रोग्रामचे, आणि पहिले घर १ असलेले वरचे २ जीबी विंडोजचे स्वतःचे. ही वाटणी १९९३ सालच्या विंडोज एनटीपासूनची. तेव्हा लोकांच्या संगणकात ४ किंवा ८ एमबी मेमरी असे. २ जीबी म्हणजे ८ एमबीच्या २५६ पट. एवढे कुणाला लागणार, असेच तेव्हा वाटले असणार. त्या दोनांतही प्रोग्रामचा स्वतःचा बाडबिस्तरा असतो, आणि अधूनमधून लहान लहान तुकडे वापरात असल्याने सलग मोठी जागा मिळत नाही. म्हणून गाडी पूर्ण दोनपर्यंत न जाता १.८ लाच थांबे.

आता आमच्या पानांचा हिशेब. ए-३ चे चित्र ३०० ठिपके दर इंचाला या मापाने घेतले की सुमारे ३५०० गुणिले ४९६० ठिपके होतात आणि प्रत्येक ठिपक्याला रंगाचे ३ बाइट. गुणाकार केला तर एका चित्राला ५२ एमबी. डिस्कवर ते दाबून लहान केलेले असते, पण प्रोग्राम उघडतो तेव्हा पूर्ण उलगडतो. ३५ चित्रे म्हणजे १८२० एमबी. गणित इतके स्वच्छ होते की पाहून लाजच वाटली. हा गुणाकार आम्ही ६ मे लाच केला असता तर साडेचार हजारांचा अर्ज लिहिण्याआधी निदान थांबून विचार केला असता.

मंडळातल्या एका निवृत्त सरांना हे सांगितले तर ते म्हणाले, ‘‘हे आमच्या वेळचंच आहे.’’ शाळेत पहिले संगणक आले तेव्हा त्यांवर डॉस होते. १९८१ च्या आयबीएम पीसीला एकूण १ एमबीचेच नंबर; त्यांतले खालचे ६४० केबी प्रोग्रामना आणि वरचे ३८४ केबी यंत्राच्या स्वतःच्या कामाला. पुढे संगणकात ४ एमबी रॅम आली तरी प्रोग्राम ६४० केबीतच गुदमरायचे. मग कॉन्फिग.सिस या फाइलीत हायमेम.सिसची ओळ घालायची, खाली ‘डॉस=हाय’ लिहायचे; म्हणजे खुद्द डॉसचा बराचसा भाग १ एमबीच्या वरच्या ६४ केबीत जाऊन बसे आणि खाली प्रोग्रामना तेवढी जागा मोकळी होई. ही सोय १९९१ च्या डॉस ५ पासूनची. सर सांगत होते आणि त्यांचा हात टेबलावर त्या ओळी टाइप केल्यासारखा हलत होता.

तर, उपाय. प्रत्येक प्रोग्रामच्या फाइलीच्या सुरुवातीला एक मथळा असतो, आपल्या दाखल्याच्या वरच्या भागासारखा. त्यात काही हो-नाहीच्या खुणा असतात. त्यांतल्या एका खुणेचे नाव ‘लार्ज ॲड्रेस अवेअर’. तिचा अर्थ : ‘मला दोनच्या वरचे नंबर दिलेत तरी चालेल, मी गोंधळणार नाही.’ आमच्या संगणकावर ६४ बिटांचे विंडोज ७ होते. अशा विंडोजचा स्वतःचा पसारा फार वरच्या नंबरांत असतो, त्यामुळे ३२ बिटी प्रोग्रामचे वरचे नंबर जवळजवळ रिकामेच पडलेले असतात. ही खूण दिसली की विंडोज प्रोग्रामला पूर्ण ४ जीबी वापरू देते. खूण नसेल तर २ च. म्हणजे जागा होती, परवानगीही होती, फक्त मागितलेली नव्हती.

मग ही खूण सगळ्यांनाच आधीपासून का नाही? हे आम्हीही विचारले. कारण असे, की पहिले घर नेहमी ० च असणार हे ठाऊक असल्याने काही जुने प्रोग्राम लिहिणारे ते घर स्वतःच्या टिपणासाठी वापरत. जसे एखाद्या मास्तरांनी रोल नंबरच्या मोकळ्या पहिल्या घरात फीमाफीची खूण करून ठेवावी. पुढे शंभरच्या वरची मुले आली की ती सगळीच फीमाफीची ठरतील! म्हणून विंडोज आपण होऊन वरचे नंबर देत नाही. प्रोग्राम करणाऱ्याने पूर्ण तपासून खूण करायची असते. एक्सेलसारख्या प्रोग्रामच्या ३२ बिटी आवृत्तीलाही ही मोकळीक २०१६ सालीच मिळाली.

आमचा प्रोग्राम करणारे कुणी उरलेच नव्हते, तेव्हा खूण आम्हालाच करावी लागणार होती. मायक्रोसॉफ्टच्या प्रोग्राम लिहिण्याच्या साहित्याबरोबर एडिटबिन नावाचे एक लहान हत्यार येते, त्याने ती होते. फोनवर माजी विद्यार्थ्याने तीन ताकिदी दिल्या. मूळ फाइलीची नक्कल बाजूला ठेवा. फाइलीवर कंपनीची डिजिटल सही असेल तर खूण करताच ती बाद होते आणि व्हायरस तपासणारा प्रोग्राम कुरकुर करू शकतो. आणि, ‘‘बाई, चाललं म्हणजे बरोबर चाललं असं समजू नका. दोन जीबीच्या वर गेल्यावर पानं खरंच शाबूत आहेत का ते डोळ्यांनी पाहा.’’

६ जूनला सकाळी खूण केली. ३४, ३५ गेले. ३६ वे पान घातले तेव्हा खोलीत कुणी बोलेना. ४०. ५०. मुलगी आकडे वाचत होती. ६६ वे पान घातले तेव्हा साडेपस्तीस लाखांच्या पुढचा आकडा होता, म्हणजे जवळपास ३.५ जीबी. ‘सेव्ह’ केले. झाले.

आणि इथे एक गोष्ट काकांच्या ‘नक्की होईल ना’साठी नोंदवून ठेवतो. जुनी ४ जीबी रॅम असती तर एवढा पसारा तीत बसला नसता. विंडोजलाही जागा लागतेच. संगणक सारखा डिस्कवर चढ-उतार करत बसला असता. तेव्हा साडेचार हजार वाया गेले नाहीत. पण आम्ही मागितले तेव्हा ज्या कारणासाठी मागितले ते कारण चुकीचे होते, हे सभेत सांगावे लागलेच. काका म्हणाले, ‘‘चालायचंच. पण पुढल्या वेळी ‘बघते’ म्हणा हो, ‘नक्की’ म्हणू नका.’’

त्यानंतर मुलांनी ताकीद पाळली. एकाने मूळ वही धरायची, दुसऱ्याने पडद्यावरचे पान, आणि पहिले व शेवटचे नाव मोठ्याने वाचायचे. कंटाळवाणे काम, पण त्यात मजाही आली. एकाला आपल्या आजोबांची ओळ सापडली. शेऱ्यात ‘वर्तणूक साधारण’ असे होते. ती बातमी संध्याकाळपर्यंत सगळ्या वाड्यात पोचली.

कार्यालयातल्या संगणकावरही असेच करा, असे भाऊ म्हणत होते. तिथले विंडोज ३२ बिटी होते. तिथे नुसती खूण पुरत नाही. विंडोजलाच सांगावे लागते, की तू निम्म्याऐवजी एकच जीबी घे आणि प्रोग्रामला तीन दे. तसे करता येते, पण मग विंडोजची स्वतःची ओढाताण होते, पडदा चालवणाऱ्या भागालाही कधी जागा कमी पडते. त्या संगणकावर फीचे हिशेब होते. आम्ही हात लावला नाही.

१० जूनला शाळा सुरू झाली. आम्ही शाळा सुटल्यावर बसू लागलो. २० जूनला स्कॅनर परत द्यायचा होता आणि त्या दिवशी दुपारी तो हातगाडीवरून गेला. तोपर्यंत आठ वह्या झाल्या होत्या. तीन राहिल्या. दिवाळीच्या सुट्टीत करू, असे ठरले.

३१ जुलै २०१९ बडोद्यात कुणी विसरणार नाही. एका दिवसात सुमारे २० इंच पाऊस. विश्वामित्री रस्त्यांवर आली, आणि तिच्याबरोबर मगरीही. शाळेच्या तळमजल्यावर गुडघ्याच्या वर पाणी होते. भाऊ तिसऱ्या दिवशी दप्तरखान्यात पोचू शकले. वरच्या दोन फळ्या कोरड्या होत्या. झालेल्या आठ वह्या परत ठेवताना वरच्या फळ्यांवर नीट लावल्या होत्या. राहिलेल्या तीन आपल्या मूळच्या जागी, सगळ्यांत खाली.

आम्ही त्या वह्या वर्गात पंख्याखाली पसरून, पानांत टीपकागद घालून वाळवल्या. आठवडाभर ते चालले. चिकटलेली पाने सुटी करताना फाटली. निळ्या शाईची नावे बरीच वाचता येतात. लाल शाई जवळजवळ सगळी वाहून गेली, म्हणजे दुरुस्त्या गेल्या.

मेच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत स्कॅनर तीन आठवड्यांहून जास्त काळ झाकून ठेवला होता. तीन वह्यांना आठ दिवस लागले असते. ही वजाबाकी आम्ही पुष्कळदा केली आहे. जोडणी अडली होती, स्कॅनिंग अडले नव्हते; चित्रे नुसती डिस्कवर साठवून ठेवता आली असती. ते त्या मे महिन्यात आमच्यापैकी एकालाही सुचले नाही.

२०२२ साली एक आजी आल्या. मुलगा बरोबर होता. त्यांना जन्मतारखेचा उतारा हवा होता, आणि त्यांची वही या तिघींपैकी एक. भाऊंनी पान काढून दिले. नाव होते, वडिलांचे नाव होते, इयत्ता होती. तारखेच्या जागी गुलाबी डाग. आजींनी चष्मा पुसून बराच वेळ पाहिले. मग मुलाला म्हणाल्या, ‘‘अरे, हे बघ, माझ्या बाबांची सही.’’ उतारा आम्ही देऊ शकलो नाही. जेवढे वाचता येते तेवढेच लिहून, ‘जन्मतारीख अवाच्य’ असा शेरा मारून दिला.

आता संगणक कक्षात ६४ बिटांचे प्रोग्राम आहेत, तिथे हा प्रश्नच येत नाही. विंडोज त्यांना १२८ टीबीपर्यंत नंबर देते. तो जुना संगणक मात्र ठेवला आहे, इंटरनेटला न जोडता. आठ वह्यांच्या फायलींच्या तीन नकला आहेत, त्यांतली एक विश्वस्तांच्या ताब्यात. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्रीला पुन्हा पूर आला तेव्हा सर्व अकरा वह्या दुसऱ्या मजल्यावर होत्या.

खराब झालेल्या वह्या तिसरी, चौथी आणि सातवी. आपल्या घरात कुणी १९४९ ते १९५५ किंवा १९६४ ते १९६७ या वर्षांत या शाळेत दाखल झाले असेल आणि त्यांचा शाळा सोडल्याचा जुना दाखला, प्रगतिपुस्तक किंवा फीची पावती घरी असेल, तर ती कृपया कार्यालयात आणावी. भाऊ तिथल्या तिथे प्रत काढून मूळ कागद लगेच परत देतील. शनिवारी सकाळी ८ ते १० या वेळात संगणक कक्षातली दोन मुलेही मदतीला असतात.